मदत हवी आहे: चौघा-पाचांत खेळायला एकच सामायिक पत्त्यांची पेटी कशी बांधावी?

इंदूरची आत्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडे लोकमान्य नगरात रविवारची जेवणं उरकली की मॅजिक द गॅदरिंगचा अड्डा बसतो. यात प्रत्येक जण आपले पत्ते निवडून आपली वेगळी जुडी, म्हणजे डेक, घेऊन खेळतो. मोठा भाचा, त्याचा धाकटा भाऊ, माझी लेक आणि मी असे चार भिडू ठरलेले. शेजारचा मुलगा क्रिकेट नसेल तेव्हा पाचवा. मी चहापुरती नाही, खेळायला बसते. आधीच सांगून ठेवते, कारण दुसरीकडे विचारलं तेव्हा "मुलांनाच विचारायला सांगा, ताई" असं उत्तर मिळालं होतं.

अडचण अशी आहे. मोठा भाचा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याच्याकडे पत्त्यांचे डबेच्या डबे जमले. लेकीकडे दुकानातून आणलेला एक तयार डेक. धाकट्याकडे पाकिटं फोडून हाती लागलं ते. मेंढीकोटाला बसलो की जुडी एकच असते. पिसली, वाटली, पानं वाईट आली तर नशिबाला नावं ठेवायची. हुकमाचा एक्का कोणी घरून विकत घेऊन येत नाही. इथे येतो, आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून येतो.

दोन उपाय करून झाले. आधी भाच्यानेच सगळ्यांना कमांडरचे, म्हणजे जास्त भिडूंत खेळायच्या प्रकाराचे, डेक बांधून दिले. प्रत्येकी १०० पत्ते, बेसिक लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायचा खर्च, पुरवणारे पत्ते) सोडून प्रत्येक पत्त्याची एकच प्रत, लाइफ ४०, ते संपलं की बाद. सगळे डेक दुसऱ्या ब्रॅकेटचे (ताकदीच्या दुसऱ्या पायरीचे) आहेत, गेम चेंजरच्या (डाव फिरवणाऱ्या जबर पत्त्यांच्या) यादीतला एकही पत्ता नाही, असं त्याचं म्हणणं. मी यादी उघडून ताडून पाहिली, खरंच नाही. तरी जिंकतो तोच. परवा त्याने ग्रे मर्चंट ऑफ अस्फोडेल टाकला. टेबलावरच्या आपल्या पत्त्यांच्या किमतीत काळ्या मानाच्या जितक्या खुणा, तितकं प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं लाइफ हा घेतो आणि गेलेलं सगळं आपल्याला देतो. टेबलावर त्याची दुसरी काळी खूण एकही नव्हती, त्या पत्त्यावरच्याच दोन. आम्हा तिघांचे दोन-दोन लाइफ गेले, त्याचे सहा वाढले. मग तोच पत्ता ग्रेव्हयार्डमधून (बाद पत्त्यांच्या ढिगातून) परत आणला आणि पुन्हा तेच. लेकीने तिच्या पाळीला मोठ्या तोऱ्यात लाइटनिंग बोल्ट मारला. तीन डॅमेज, एकट्यालाच. चाळिसाच्या वर गेलेल्या माणसाला तीनने काय होतं? तिचा चेहरा बघवेना.

मग ठरवलं, फक्त कॉमन, म्हणजे पाकिटात सर्रास सापडणारे, पत्ते चालतील. श्रीमंती बाहेर. तर धाकट्याने दादाच्या डब्यातून ऱ्हिस्टिक स्टडी उचलली. जुनी छपाई, चिन्ह काळं, म्हणजे कॉमनच. नियमात चोख बसते. त्यानंतर कोणीही काहीही खेळलं की हा विचारणार, "एक माना देतेस का?" नाही दिला की पत्ता ओढला. दिला तर आपली चाल एक पाळी मागे. तासभर तेच पालुपद. शेवटी त्याचा हात इतका भरला की पत्ते मांडीवर ठेवायला लागला.

आता माझ्या डोक्यात आहे की एकेकाचे डेक सारखे करत बसण्यापेक्षा एकच पेटी बांधावी, सगळ्यांनी त्यातूनच उचलून डेक करावे आणि डाव संपला की पत्ते परत पेटीत. याला क्यूब म्हणतात एवढं वाचलंय. पण जिथे वाचलं तिथे हिशोब आठ जणांचा, आणि खेळ शेवटी एकास एक असा धरलेला. आम्ही एकाच टेबलाला चौघं. पेटीत पत्ते किती घ्यावेत? रंग कसे वाटावेत? आणि मुख्य म्हणजे एकास एक खेळताना साधा वाटणारा पत्ता चौघांत डोईजड होईल, हे आधी ओळखायचं कशावरून? शिवाय जो पहिला बाद होतो तो पाऊण तास मोबाइल बघत बसतो. बहुतेकदा लेकच असते. त्यावरही काही सुचवा.

महाग पत्ते घेणार नाही. भाच्याने कॉमन-अनकॉमनचा अख्खा डबा द्यायचं कबूल केलंय, त्यातूनच निभवायचं आहे.

जुना भिडू

ताई, तुम्ही योग्य मार्गावर आहात. डेक सारखे करायचा खटाटोप सोडा, पेटीच बांधा.

आठ जणांचा हिशोब कसा येतो ते आधी बघा. बूस्टर ड्राफ्टला (पाकिटातून एक पत्ता घ्यायचा, बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे) प्रत्येकी १५ पत्त्यांची ३ पाकिटं, म्हणजे ४५ पत्ते. आठ गुणिले ४५ म्हणजे ३६०. चौघांना १८० लागतील. ४५ मधून तेवीसेक पत्ते खेळायचे, १७ लँड घालायचे, झाला ४० चा डेक. लँड पेटीत धरू नका. बेसिक लँडचा वेगळा डबा ठेवा, प्रत्येक रंगाचे विसेक, ज्याला जे हवे ते त्यातून घेईल.

१८० ची वाटणी मी अशी करीन: पाच रंगांचे ३०-३०, म्हणजे १५०. दोन रंगांच्या जोड्या दहा होतात, प्रत्येक जोडीचा एकेक पत्ता, ते १०. उरलेले २० बिनरंगी. प्रत्येक रंगाच्या तिसात निम्म्याहून जास्त क्रीचर (हल्ला आणि बचाव करणारे पत्ते) ठेवा. माना किमतीकडेही बघा: एक-दोनवाले १२, तीनचे ८, चारचे ५, त्याहून महाग ५. एखाद्या रंगात सगळेच पत्ते पाच-सहा मानाचे झाले तर तो रंग घेणारा चौथ्या पाळीपर्यंत नुसता बसून राहतो आणि दोष मात्र नशिबाला देतो.

पेटीत प्रत्येक पत्ता एकदाच. याचा फायदा मोठा आहे. साठाच्या डेकात एका पत्त्याच्या ४ प्रती असल्या तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातली एक तरी यायची शक्यता सुमारे ४० टक्के. चाळिसाच्या डेकात एकच प्रत असेल तर साडेसतरा टक्के. जबर पत्ता दर डावाला तोंड दाखवत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, कोणता पत्ता डोईजड. तुमच्या दोन्ही गोष्टींत उत्तर आलेलंच आहे. पत्ता वाचा आणि त्यात "प्रत्येक प्रतिस्पर्धी", "दुसरा प्रत्येक खेळाडू" किंवा "कोणीही प्रतिस्पर्धी जेव्हा" असं आहे का ते बघा. असेल तर मनातल्या मनात तिनाने गुणा. गुणून जे उरतं ते त्या किमतीत पटतं का, एवढं विचारायचं. सायफन माइंड घ्या. चार मानाचा साधा कॉमन. दुसरा प्रत्येक खेळाडू एक पत्ता टाकतो आणि तुम्ही तितके पत्ते ओढता. दोघांत ठीकठाक. चौघांत एका पत्त्याच्या बदल्यात तिघांचा एकेक जातो आणि तुम्हाला तीन येतात. ऱ्हिस्टिक स्टडीचं तेच. ती २००० साली प्रोफेसी संचात कॉमन म्हणूनच आली होती, आणि आज गेम चेंजरच्या यादीत नाव काढते. कॉमन म्हणजे पाकिटात जास्त वेळा सापडतो, एवढंच. त्यावरून ताकद कळत नाही. उलट सोल रिंग (एका मानात येऊन दर पाळीला दोन माना देणारी) त्या यादीत नाही. तरी पेटीत घालू नका म्हणजे झालं. दुसऱ्या पाळीला ज्याच्याकडे ती येते त्याचा डाव वेगळाच चालतो.

उलटी बाजूही बघा. एकास एक अदलाबदल करणारे पत्ते चौघांत दुबळे पडतात. काउंटरस्पेल (समोरच्याचा पत्ता खेळताच रद्द करणारं) मारलं की तुमचा एक पत्ता गेला, समोरच्याचा एक गेला, आणि बाकी दोघं फुकटात पुढे. लाइटनिंग बोल्टचं दुःख तेच. असे पत्ते काढू नका, पण निळा आणि लाल रंग नुसत्या त्यांच्यावर उभा करू नका. लाल रंगात सगळ्यांच्या क्रीचरना थोडं-थोडं डॅमेज देणारे पत्ते घाला, तो लगेच अंग धरतो.

आणि लाइफ ४० ठेवू नका. तो आकडा शंभर पत्त्यांच्या संथ डेकांसाठी आहे. चाळीस धरले तर एकट्याने जिंकायला तिघांचे मिळून १२० उतरवायचे, म्हणजे झटपट हल्ला करणारा डेक जन्मालाच येत नाही. २० ठेवा. लेक फार लवकर बाद होत असेल तर २५.

निळा पत्ता

जुने भिडू, बाकी सगळं मान्य, पण तिनाने गुणून छाटत सुटलात तर पेटीतली मजा जाईल, भिया. "प्रत्येक प्रतिस्पर्धी" वाले सगळे काढले की काळ्या रंगात उरतं काय? ग्रे मर्चंट राहू द्या. पाच मानाचा आहे आणि पेटीत एकच आहे. त्याला परत-परत जिवंत करणारे पत्ते कमी करा. दुखणं तिथे आहे.

दुसरं, चौघांना १८० अगदी नेमके होतात. म्हणजे दर वेळी प्रत्येक पत्ता कोणाकडे तरी असणारच. महिन्याभरात पोरांना पेटी तोंडपाठ होईल. २२५ करा. चौघं असतील तेव्हा ४५ न बघता बाजूला ठेवा, पाच आले की सगळे घ्या.

ताई, आणखी एक. टेबलावर सगळे भिंती बांधून बसतात आणि कोणी हल्ला करत नाही, असं होतं का? होत असेल तर मोनार्कचे, म्हणजे राजेपणाचे, पत्ते घाला. २०१६ च्या कॉन्स्पिरसी संचात हा प्रकार आला, तो संचच मुळी जास्त भिडूंसाठी होता. ज्याच्याकडे राजेपण त्याला आपल्या पाळीच्या शेवटी एक पत्ता जास्त मिळतो, आणि दुसऱ्याच्या क्रीचरने त्याला कॉम्बॅट डॅमेज दिलं की राजेपण त्या दुसऱ्याकडे जातं. लगेच सगळ्यांना हल्ल्याचं कारण मिळतं, आणि दुबळ्यावर न जाता राजावर जायचं कारण मिळतं. पॅलेस सेंटिनल्स पांढऱ्यातला कॉमन आहे, भाच्याच्या डब्यात सापडेल.

बडोदेकर

पहिला बाद होणाऱ्याबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे मांडवीत याच कारणावरून खेळ बंद पडायची वेळ आली होती.

चौघं असाल तर टू-हेडेड जायंट खेळा. दोन-दोनच्या जोड्या, जोडीचं लाइफ एकत्र ३०, पाळीही एकत्र. बाद व्हायचं तर जोडी बाद होते, आणि तेव्हा खेळच संपतो. मोठ्या भाच्याला लेकीचा जोडीदार करा. दोन रविवारांत ती त्याच्याकडून जे शिकेल ते तुम्ही समजावून शिकणार नाही.

पाच असतील तर स्टार. पत्त्याच्या पाठीवर पाच रंगांचं वर्तुळ आहे ना, पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा? त्याच क्रमाने गोल बसा. शेजारचे दोघं मित्ररंग, समोरचे दोघं शत्रू. समोरचे दोन्ही बाद झाले की तुम्ही जिंकलात, त्यांना कोणी का मारेना. यात गंमत अशी की शेजाऱ्याला मरू देणं परवडत नाही, कारण तो तुमच्या शत्रूचाही शत्रू असतो. म्हणून दुबळ्या भिडूला वाचवायला कोणीतरी धावतंच.

"पहिला बाद झाला की डाव संपला, मारणारा जिंकला" असा नियम कोणी सुचवेल. करू नका. सगळे मिळून सगळ्यात लहान पोराला धरतात.

स्लीव्हवाला

थोडक्यात. सगळ्या पेटीला एकाच रंगाची अपारदर्शक स्लीव्ह घाला, नाहीतर झिजलेल्या कडेवरून पत्ते ओळखू येतात. पत्त्याची साइज ६३ गुणिले ८८ मिमी, त्या मापाची घ्या. पोकेमॉनची हीच चालते, यू-गी-ओची लहान पडेल. एखादा पत्ता डब्यात नसेल तर कागदावर नाव आणि मजकूर लिहून साध्या पत्त्यापुढे स्लीव्हमध्ये सरकवा. घरात चालतं, अधिकृत स्पर्धेत नाही. आणि शेव-पोह्याच्या बश्या दुसऱ्या टेबलावर. इंदुरात हे जमणं कठीण आहे, कल्पना आहे.

इंदूरची आत्या

सगळ्यांचे आभार. तिनाने गुणायची युक्ती भाच्याला वाचून दाखवली, तर तो म्हणतो हे मला माहीतच होतं. माहीत होतं म्हणूनच जिंकत होतास की रे!

२२५ चं ठरवलं. रंगांचे ३८-३८ म्हणजे १९०, जोड्यांचे १०, बिनरंगी २५. ग्रे मर्चंट राहील, ऱ्हिस्टिक स्टडी धाकट्याचा विरोध डावलून बाहेर. लाइफ २५ वर सुरू करतोय. पाचवा आला तर स्टार, नाहीतर आधी एक डाव जोड्यांचा.

एक गोष्ट अडली आहे. काल डबा रंगवार लावला, तर हिरवे आणि लाल उतू जातायत आणि निळे जेमतेम तिसाच्या आत, त्यातही निम्मे काउंटरच. जुने भिडू, तुम्ही म्हणालात निळा त्यांच्यावर उभा करू नका. मग एक-दोन मानाचे निळे क्रीचर कोणते शोधू? कॉमनच हवेत, आणि चौघांत खेळताना लेकीला हातात धरावेसे वाटतील असे. नावं टाका, भाचा येत्या फेरीत पुण्याहून घेऊन येईल.