'संगणक सुरू करू नये' : तुमच्याकडे आला होता का असा दिवस?

दादरकरीण
माळ्यावरची ट्रंक आवरताना जुन्या डायरीतून एक कागद पडला. मार्करने लिहिलेला, अक्षर माझंच: 'पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही संगणक सुरू करू नये.' खाली १५ मे २०१७. कोपऱ्यांना पिवळी पडलेली सेलोटेप.

वॉनाक्राय व्हायरसवाला सोमवार! शुक्रवार रात्रीपासून टीव्हीवर तेच, फाइली कुलूपबंद, ३०० डॉलर द्या. आमचं ऑफिस फोर्टातलं, सरकारी, नाव नको. निम्मे संगणक जुन्या विंडोज एक्सपीवर. मी आस्थापनेत क्लार्क, पण एमएस-सीआयटी लवकर केलेलं, म्हणून संगणकाचं सगळं माझ्याच गळ्यात. सकाळी साहेबांचा फोन, 'मॅडम, सगळ्यांच्या वायरी काढा.' साडी सावरत टेबलांखाली शिरले. लॅनच्या, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या वायरीची ती प्लास्टिकची खिट्टी दाबून ओढावी लागते. तिसऱ्या टेबलाला नख तुटलं. मग आमच्या शिपाईमामांनी या सगळ्या वायरी जातात त्या भिंतीवरच्या डब्याचा प्लगच उपटला. काम तमाम.

गंमत पुढेच आहे. दिल्लीहून सर्ट-इनचं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचं मार्गदर्शन होतं त्याच दिवशी, वेबकास्टवर! बघणार कशावर? साहेबांच्या मोबाइलभोवती सहा डोकी, आवाज तुटतोय. कळलं एवढंच, की पॅच टाका, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती. तो म्हणे मार्चमध्येच आला होता. टाकणार कोण? एएमसीवाला, म्हणजे देखभालीचा कंत्राटदार, यायचा तो बिलावर सही घ्यायला.

तुमच्याकडे दिल्लीची मदत खालपर्यंत कशी पोचली, लिहा ना.

सुन्या_ठाणे
ताई, मार्चचा पॅच विंडोज ७ वगैरेंना. एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, त्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ मेला वेगळा काढला. आमच्याकडे नेट बंद म्हणून मी तो खालच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणला. सोबत 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' व्हायरस आला. रोग्याला औषध आणि औषधाला रोग 😂

उरणची_सून
आमच्याकडे दीड महिन्याने. २७ जून २०१७, पेट्या नावाचा तसलाच व्हायरस. न्हावा शेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प. यांचा ट्रेलर रांगेत, मी डबा पाठवतेय. दुसऱ्या दिवशी फोन, 'डबा नको, चड्डी-बनियन पाठव.' बाकी दिल्ली-बिल्ली मला माहीत नाही.

दादरकरीण
@उरणची_सून 🤣🤣

घनकचरा_नको
फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने 'सायबर स्वच्छता केंद्र' काढलं. संगणकातले बॉट, म्हणजे लपून बसलेले घातक प्रोग्रॅम, साफ करायची टूल्स, फुकट. त्याचं पत्र आमच्या पालिकेत आलं (कुठली ते विचारू नका). 'स्वच्छता' वाचून साहेबांनी ते घनकचरा विभागाकडे मार्क केलं. तिथून शेरा आला: 'सदर केंद्रास जागा उपलब्ध नाही.'

सुन्या_ठाणे
हे खोटं आहे. सांगा खोटं आहे.

घनकचरा_नको
झेरॉक्स आहे माझ्याकडे.

लोकल_८_१२
१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. मी अत्यावश्यकवाला, हॉस्पिटलात लॅबला. माटुंग्याच्या अलीकडे गाडी उभी. मास्कमध्ये घाम. शेवटी रुळांवरून चालत गेलो. पुढे राज्याचा सायबर विभाग म्हणाला मालवेअरचा संशय, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. आम्ही चाललो ते चाललोच.

मुलुंडची_मधली
थोडं विषय सोडून. सासऱ्यांना मेसेज, 'आज रात्री ९.३० ला वीज कापणार.' त्यांनी ॲप घेतलं, ओटीपी सांगितला, ८४ हजार गेले. भाचीने लगेच १९३० लावला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. ही पण केंद्राच्या गृहखात्याचीच सोय ना? पैसे तिसऱ्या खात्यात पोचले होते, तिथे ५१ हजार अडवले. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर, आठ महिने. सासरे अजून दर महिन्याला विचारतात, 'बिल भरलंस ना?' कुकर लागलाय, नंतर लिहिते.

घनकचरा_नको
@मुलुंडची_मधली हो, गृहखात्याच्या आय-फोर-सी या सायबर गुन्हे केंद्राचा. आधी नंबर १५५२६० होता, तो कुणाच्या लक्षात राहणार!

नगरपरिषद_कर्मचारी
एप्रिल २०२२ चा सर्ट-इनचा आदेश आठवतोय का? घटना कळली की ६ तासांत कळवा, १८० दिवसांचे लॉग (संगणकाने आपोआप केलेल्या नोंदी) ठेवा. आमचा सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी बसला, आम्हाला कळलं सोमवारी. कळवलं. समोरचा माणूस भला होता, शांतपणे सगळं विचारत होता. म्हणाला लॉग पाठवा. मी ड्रायव्हरला हाक मारली, त्याने जीपचं लॉगबुक आणून दिलं. हसू नका. अख्ख्या नगरपरिषदेत 'लॉग' म्हणजे तेच.

विलेपार्ले_ते_जर्सी
मी इथे अमेरिकेत काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) आयटीत. इथल्या केंद्राने २०२१ च्या कायद्याने राज्यांना आणि गावांना सायबरसाठी ४ वर्षांत १ अब्ज डॉलर दिले, त्यातले निदान ८० टक्के खालच्या संस्थांना द्यायचे अशी अट. ऐकायला छान. अर्ज भरायचा तर आराखडा हवा होता, समिती हवी होती, आणि वर्षागणिक वाढणारा स्वतःचा हिस्सा. लहान गावात हे सगळं करणारा माणूस एकच, तोच पाण्याची बिलंही पाठवतो.

उरणची_सून
@विलेपार्ले_ते_जर्सी तिकडे चांगले बोंबील मिळतात का हो?

विलेपार्ले_ते_जर्सी
सुके मिळतात. घरी तळले तर शेजारी अलार्म वाजवतात.

लोकल_८_१२
ताई, फोर्टात म्हणजे कुठे? कॅन्टीनचा वडा पातळ चटणीवाला होता का?

दादरकरीण
@लोकल_८_१२ हो तोच! म्हणजे तुम्हाला कळलं. गप्प बसा 🙏

आत्ताच मामांना फोन लावला, २०१९ ला निवृत्त झाले, आता संगमेश्वरला असतात. दिवस लख्ख आठवतोय त्यांना. म्हणाले, 'मॅडम, मी तो प्लग उपटला तेव्हा साहेबांचा एसीपण बंद झाला होता, ते पण लिहा.'