इंटरफेस बदलून नाही, गादी उभी करून आवाज सुधारतो

खर्ज
काल इथे एक सल्ला पडला: 'पंधरा-वीस हजारांचा दोन चॅनेलचा इंटरफेस म्हणजे खेळणं. गळ्याची ऊब हवी असेल तर ऐंशी हजारांचा घ्या.' ख्याल-अभंग घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी होता तो. इंटरफेस म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारा डबा; माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा त्यातला भाग म्हणजे प्रीअँप. खाली भराभर 'कुठला घेऊ?' सुरू झालं. लोक कर्ज काढून चुकीची वस्तू घेतील, म्हणून सविस्तर लिहितो.

१५० ओहमच्या माईकची नुसती औष्णिक खरखरच (उष्णतेमुळे आपोआप येणारी) −१३१ डीबीयूच्या आसपास असते; डीबीयू हे सिग्नलच्या पातळीचं एकक, आकडा जितका उणे तितकी खरखर कमी. त्याच्या खाली कुठलाही प्रीअँप जाऊ शकत नाही, त्याला सोन्याचा मुलामा द्या किंवा देऊ नका. आजचे स्वस्त इंटरफेस −१२७, −१२८ पर्यंत येतात. म्हणजे साठ हजार जास्त मोजून वर तीन डीबी उरले, आणि चांगला कंडेन्सर माईक (मोठा सिग्नल देणारा) लावला तर तेही कानाला कळत नाहीत.

आता खोली बघा. १० बाय १० ची खोली, खाली टाइल्स, समोरासमोर कोऱ्या भिंती. दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचे दोन मोड (खोलीत ठरावीक सुराला होणारे घुमाव) एकावर एक चढतात. टाळी वाजवा, भिंतींमधून 'टर्रर्र' ऐकू येतं. तो आवाज गाण्याच्या प्रत्येक ओळीला चिकटतो आणि मिक्स करताना निघत नाही. कापसाची जाड गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा. पाठीमागेच का? माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे गाणाऱ्याच्या मागची भिंतच माईकला सरळ दिसते. खाली दुहेरी सतरंजी. मग रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर: घनमीटरला ४८ किलो घनतेचे, ५० मिलीमीटरचे १२ स्लॅब, दोन-दोन एकत्र बांधून. इंटरफेसच्या किमतीत जो फरक आहे, त्याच्या निम्म्यातही हे सगळं बसतं.

मंद्र_पंचम
खोलीचं मान्य. पण 'इंटरफेसने काही फरक पडत नाही' हे सरसकट लिहिणं चूक आहे आणि त्यानेही लोकांचे पैसे बुडतात. शुअर एसएम७बी हा डायनॅमिक माईक (कमी सिग्नल देणारा) घ्या. संवेदनशीलता −५९ डीबीव्ही, म्हणजे १ पास्कलला जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट. त्याला ६० डीबी गेन (सिग्नलची वाढ) लागतो. तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट २आय२ या इंटरफेसमध्ये ५६ आहे. चौथीत ६९ केला, तो उगाच नाही केला.

तानपुरा ६० डीबी एसपीएलने माईकपाशी पोचतोय असं धरा. एसएम७बी मधून −९१ डीबीयू निघतात. प्रीअँपचा तळ −१२८. मध्ये फक्त ३७ डीबी. जवारीची (तारांच्या झणकारीची) सगळी नक्षी त्या खरखरीत बुडते.

खर्ज
तानपुऱ्याला एसएम७बी लावतो कोण? तिथे कंडेन्सरच हवा. रोड एनटी१ या कंडेन्सर माईकचा स्वतःचा आवाज (शांततेतही येणारी खरखर) साधारण ४ डीबीए. त्याच तानपुऱ्याला ५६ डीबी अंतर मिळतं, त्याच स्वस्त इंटरफेसवर. माईक चुकीचा निवडायचा आणि बिल प्रीअँपच्या नावाने फाडायचं, हेच तर मी म्हणतोय.

मंद्र_पंचम
लावतात. पॉडकास्टमध्ये दिसतो म्हणून तोच माईक घेतात आणि त्यावर तंबोऱ्यासकट सगळं रेकॉर्ड करतात. अशांना गेन लागतोच, एवढंच माझं म्हणणं.

घिस्सा
५६ हर्ट्झवर अडकू नका. तबल्याला खरा त्रास ८० चा आहे. दोन्ही बाजू ५६ च्या असल्या की तिरका मोड ५६ गुणिले १.४१, म्हणजे ७९-८० वर येतो. डग्ग्यावर घिस्सा घेतला (तळवा घासून सूर सरकवला) की आवाज त्याच पट्ट्यातून सरकतो आणि मध्येच एक स्वर फुगतो. तबलजी म्हणतात डग्गा उतरलाय, पुडीवर हातोडी मारत बसतात. डग्गा ठीक असतो. माईक नऊ इंच सरकवा, बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावरून दोन फूट हलवा, फुगवटा बदलतो. बदलला तर समजा खोलीच आहे.

आणि एक सांगतो, कुणी ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) आग्रह धरू नका. ४८ ला २४ बिटची एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खाते. आठ ट्रॅक, एक तास, चार जीबी. ९६ ला आठ. डिस्क भरते, जुना लॅपटॉप अडखळतो, आणि तबल्यात त्याने काही वाढत नाही.

भाता
पेटीबद्दल कुणीच बोलत नाही. गाणारा स्वतः पेटी वाजवत असेल तर सगळा हिशेब बदलतो. तोंडापासून पेटी दीड फुटावर, कार्डिऑइड माईक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) दोन्ही घेतो, भात्याची फुसफुस सकट. इथे फिगर-८ माईक हवा, पुढचं आणि मागचं ऐकणारा. त्याची कड पेटीकडे वळवायची, कडेने तो जवळजवळ बहिरा असतो. पण मागची बाजू छताकडे जाते, म्हणून वरही शोषक लागतो. हे न सांगता 'गादी लावा' म्हणणं अर्धवट आहे.

खर्ज
वरचा शोषक माझ्याकडून राहिला, बरोबर आहे.

मंद्र_पंचम
अजून एक. 'कुठलाही कंडेन्सर चालतो' असं कुणी समजू नये. एटी२०२० या कंडेन्सरचा स्वतःचा आवाज २० डीबीए, एनटी१ चा ४.

खर्ज
रात्री खोली ३० डीबीए धरा. ३० मध्ये २० मिळवले तर ३०.४, ४ मिळवले तर ३०.०१. फरक ०.४.

मंद्र_पंचम
अर्धा हिशेब. कार्डिऑइड माईक चहूबाजूंचा आवाज ४.८ डीबी कमी घेतो, म्हणजे ३० चे २५ झाले. मग फरक १.१ होतो. आणि खोलीचा आवाज खालच्या पट्टीत असतो: पंखा, रस्ता, पंप. माईकची खरखर वरच्या पट्टीत. वर खोली जवळजवळ गप्प असते, म्हणून ती खरखर उघडी पडते. आकडा लहान दिसला तरी कान तिथेच जातो.

खर्ज
वरच्या पट्टीचा मुद्दा मान्य करावा लागतोय. पण हा माईकचा मुद्दा झाला, ऐंशी हजारांच्या इंटरफेसचा नाही.

लय_दुगुन
तुमच्या या आकड्यांच्या आधी घरोघरी जी गूं ऐकू येते तिचं बोला. नव्वद टक्के लोकांची तक्रार तीच असते. उपाय सोपा आहे: लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. तरी राहिली तर इंटरफेसच्या अडॉप्टरची अर्थ पिन काढून टाका. गूं बंद.

अर्थिंग_आधी
शेवटचं वाक्य ताबडतोब काढा. अर्थ पिन तोडायला सांगणं म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतेल असं लिहिणं आहे. हातात माईक, मांडीवर पेटी, पायाखाली ओली फरशी. त्या घरात एका उपकरणात गळती झाली की करंट जायला दुसरी वाट उरत नाही, गाणाराच वाट होतो.

लय_दुगुन
अहो, लॅपटॉपचे कितीतरी चार्जर मुळातच दोन पिनचे येतात. ते चालतात ना?

अर्थिंग_आधी
ते दुहेरी इन्सुलेशनचे बनवलेले असतात, तुम्ही तोडलेली तीन पिन तशी होत नाही. आणि दोन पिनच्या चार्जरमुळेच निम्मी गूं येते. त्यातल्या छोट्या कपॅसिटरमधून किंचित करंट लॅपटॉपच्या धातूवर येतो, पत्र्यावरून हात फिरवला की मुंग्यांसारखं लागतं ते हेच. तो करंट युएसबीच्या वायरीतून इंटरफेसमध्ये उतरतो आणि स्पीकरच्या केबलमधून अर्थ शोधतो.

शोधायची पद्धत अशी. सगळे माईक काढा, गेन शून्य करा. गूं राहिली तर ती स्पीकर-लॅपटॉपच्या फेऱ्यातली. गेन वाढवला तरच वाढली तर माईक किंवा केबलमधली. आता चार्जर काढा. गेली तर चार्जर. मग लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, वेगवेगळ्या भिंतींच्या सॉकेटवर नको. इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल, जिच्या पिनवर धातूचे तीन भाग असतात ती, दोन भागांची नाही. एवढ्यात बऱ्याचदा सुटतं.

नाही सुटलं तर इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने बघून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी आलं तर जुन्या वाड्यात किंवा चाळीत अर्थची वायर नुसतीच स्विचबोर्डच्या डब्यात सोडलेली सापडते. तिथे ऐंशी हजारांचा इंटरफेसही गूंच रेकॉर्ड करणार. आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

लय_दुगुन
युएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि इंटरफेसमधला विजेचा थेट संबंध तोडणारा डबा) लावला की एवढा खटाटोप नको.

अर्थिंग_आधी
बरेच स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात. ४८० चा वेग मागणारा इंटरफेस त्यावर एकतर दिसत नाही नाहीतर तडतडतो. घ्यायचाच तर हाय-स्पीडचा घ्या. तो महाग, आणि इंटरफेसला पुरेसा करंट देतो का तेही बघावं लागतं.

लय_दुगुन
अर्थ पिनचं वाक्य काढतो. चार्जर काढायचं मात्र ठेवतो, ते चुकीचं नाही.

अर्थिंग_आधी
ते ठेवा. चार्जर लावल्यावर गूं किती वाढते ते आधी तपासा, म्हणजे दोष कळतो.

मंद्र_पंचम
मूळ प्रश्नाकडे या. ऐंशी हजारांचा इंटरफेस कधी घ्यावा ते तरी सांगा, नाहीतर हा धागा नुसता नकार ठरेल.

खर्ज
सांगतो. तबल्याचे दोन, पेटी, तानपुरा, गळा, सारंगी असे एकाच वेळी सहा-आठ माईक घ्यायचे असतील तेव्हा. चॅनेल्ससाठी पैसे, ऊबेसाठी नाही. दुसरं, गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज थेट हवा असेल आणि जुना इंटरफेस तो सॉफ्टवेअरमधून फिरवून देत असेल तेव्हा. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर (लॅपटॉप एका वेळी घेतो तेवढे नमुने) म्हणजे जातानाच ५.३ मिलिसेकंद, परत येताना तेवढेच, वर कन्व्हर्टरचे. द्रुत तानेत गाणारा अडखळतो. मात्र थेट मॉनिटरिंगचं बटण स्वस्तातही असतं, आधी ते दाबून बघा.

मंद्र_पंचम
'ऊब' प्रीअँपमधून येत नाही हे मान्य. ती बऱ्याचदा माईक जवळ घेतल्याने येते. कार्डिऑइड चार इंचांवर आणला की खालची पट्टी फुगते. ख्यालाला दहा-बारा इंच ठेवा, आणि पातळी शिगेला −१२ च्या वर जाऊ देऊ नका. पण मी घेणार तर जास्त गेनवालाच घेईन, यावर मी ठाम आहे.

खर्ज
घ्या, फक्त आधी एक करा. दोन्ही इंटरफेस, तोच माईक, तीच जागा, दोन्हीची पातळी ०.१ डीबीपर्यंत जुळवा. जरा मोठा वाजलेला नेहमी चांगला वाटतो, म्हणून हे जुळवणं सोडू नका. मग फाइलींची नावं दुसऱ्याला बदलायला सांगा आणि ऐका.

घिस्सा
आणि गादी भिंतीला टेकवू नका. मध्ये चार बोटं जागा सोडा. टेकवलेली गादी खालची पट्टी जास्त सोडून देते.