युरोपच्या एमआरएलचा (मालात चालणाऱ्या औषध-अंशाच्या कमाल मर्यादेचा) मूळ कायदा कुठे वाचायचा?

निफाडची_बाग:
आमची थॉमसन द्राक्षं नेदरलँड्सला जातात. निर्यातदाराने पाठवलेला रेसिड्यूचा तक्ता आणि औषध दुकानातला तक्ता जुळत नाहीत. ऑक्टोबर छाटणीआधी मूळ कायदाच वाचायचा म्हणतोय. पण शोधलं की ईएफएसएचे (युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचे) अहवाल निघतात, युरोपीय आयोगाची पानं निघतात, संसदेची निघतात. यातलं बंधनकारक कोणतं?

लॅबवाली_ताई:
दादा, स्वतः वाचायचं ठरवलंत ते फार चांगलं केलंत. पार्माची ईएफएसए फक्त शास्त्रीय मत देते, तिचा अहवाल म्हणजे कायदा नव्हे. त्या मतावर आयोग मसुदा करतो, सदस्य देशांची स्थायी समिती मतदान करते, संसद आणि कौन्सिल छाननी करतात आणि मग ते युरोपीय संघाच्या राजपत्रात येतं. तिथे छापलेलं तेवढंच बंधनकारक.

तुमचा मूळ कायदा रेग्युलेशन ३९६/२००५. यूर-लेक्स या युरोपीय कायद्यांच्या संकेतस्थळावर सेलेक्स क्रमांक (कायद्याचा शोध-क्रमांक) टाका: ३२००५, आर, ०३९६, सगळं सलग. ३ म्हणजे कायदा, पुढे वर्ष, आर म्हणजे रेग्युलेशन. रेग्युलेशन सगळ्या देशांना थेट लागू होतं, म्हणून रॉटरडॅमला आणि हॅम्बुर्गला मर्यादा एकच. सप्टेंबर २००८ पूर्वी तसं नव्हतं, बऱ्याच औषधांना देशागणिक वेगळे आकडे असायचे.

आकडे परिशिष्टांत आहेत आणि ती सतत बदलतात. दुरुस्ती छापल्याची तारीख आणि लागू होण्याची तारीख, दोन्ही वहीत लिहून ठेवा. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचंच बघा. रेग्युलेशन २०२०/१०८५ जुलै २०२० मध्ये झालं, लागू झालं १३ नोव्हेंबरला. मधल्या काळात आपल्याकडे छाटण्या सुरू होत्या! औषध यादीतच नसेल तर कलम १८ प्रमाणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरायचं.

राजपत्र_वाचक:
एक जोड. यूर-लेक्सवर दुरुस्त्यांसह एकत्रित मजकूर मिळतो, त्याचा क्रमांक ० ने सुरू होतो. वाचायला तो सोपा, पण कायदेशीर आधार राजपत्रातल्या प्रतीलाच. वाद झाला तर तीच काढा.

निफाडची_बाग:
ताई, सापडलं. टेबल (खायच्या) द्राक्षांचा कोड ०१५१०१० आहे ना? पण निर्यातदाराचे काही आकडे यापेक्षाही कडक दिसतात.

लॅबवाली_ताई:
हो, कोड तोच. कडक आकडे बहुधा खरेदीदाराचे असतील. काही जर्मन सुपरमार्केट साखळ्या एमआरएलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच अंश चालवून घेतात. तो त्यांचा करार, युरोपचा कायदा नव्हे. कोणता आकडा कुणाचा, ते निर्यातदाराकडून लेखी घ्या आणि मगच फवारणीचं वेळापत्रक ठरवा.