इंफाळ 1944: विमान उतरवणं की वरून माल टाकणं?

डोंगरधार
मार्च 1944 च्या अखेरीस जपान्यांनी इंफाळ-कोहिमा रस्ता तोडला, तो 22 जूनला मोकळा झाला. मधले जवळपास तीन महिने इंफाळच्या वेढ्यात अडकलेली ब्रिटिश-हिंदी सैन्याची दीड लाखाच्या आसपास माणसं विमानांच्या जिवावर राहिली. माझं म्हणणं असं की इंफाळ तगलं ते विमानं तिथे *उतरू* शकली म्हणून. वरून माल टाकणं हा नाइलाजाचा उपाय.

हिशेब बघा. सुमारे 19,000 टन माल आणि 12,000 ताजे सैनिक आत आले. परतीच्या फेऱ्यांतून 13,000 जखमी-आजारी आणि 43,000 बिनलढाऊ माणसं बाहेर गेली. गेलेल्या प्रत्येकाचा रोजचा शिधा वाचला. हवाई छत्रीने (पॅराशूटने) एकही जखमी बाहेर काढता येत नाही.

आणि इंफाळच्या ईशान्येचं सांगशाक गाव विसरू नका. 22 ते 26 मार्च, 50वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर मराठा पलटण, 4/5 मराठा लाइट इन्फन्ट्री. मोर्चा, म्हणजे त्यांनी धरून ठेवलेली जागा, जेमतेम 700 मीटर लांब, 350 मीटर रुंद. माल टाकणारं डाकोटा विमान ताशी 180 किलोमीटरने गेलं तर तेवढी लांबी 14 सेकंदांत संपते. पुष्कळसा माल जपान्यांच्या हाती पडला, त्यात पाण्याचीही टंचाई.

तागाची गोणी
सहमत नाही. तिथे पद्धतीपेक्षा उंची आणि वारा नडले. छत्री सेकंदाला साधारण 6 मीटर खाली येते. 180 मीटरवरून सोडली तर 30 सेकंद, म्हणजे ताशी 15 किलोमीटरच्या वाऱ्यात सव्वाशे मीटर सरकते. 300 मीटरवरून सोडली की तीच 200 मीटरच्या पुढे जाते. मोर्च्याची अर्धी रुंदी 175 मीटर, म्हणजे माल बाहेरच!

उलट उदाहरण फेब्रुवारीतल्या आराकानचं, म्हणजे ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीचं. वेढल्या गेलेल्या सातव्या भारतीय डिव्हिजनला सुमारे 700 फेऱ्यांत 2,300 टनांच्या आसपास माल मिळाला. फेरीमागे तीन टनांहून जास्त! तांदूळ, पीठ तर छत्रीविनाच टाकायचे: आतलं पोतं सैल भरायचं आणि वर त्याहून मोठं दुसरं पोतं चढवायचं. गच्च भरलं की आपटताच फुटतं. रेशमी छत्र्या अपुऱ्या पडल्या तेव्हा कलकत्त्याच्या ताग गिरण्यांनी तागाच्या छत्र्या करून दिल्या, किंमत रेशमीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. माणसासाठी नाहीत, पण दारूगोळ्याला पुरेशा. हा नाइलाज कसला, हे तंत्र आहे.

डोंगरधार
तंत्र आहेच, पण त्याची किंमत मोजा. डाकोटाच्या एकाच दारातून एका घिरटीत तीन-चार गाठोडी सुटतात. सगळा माल संपवायला आठ-दहा घिरट्या, त्याच वाटेने, त्याच उंचीवर. खालच्या मशीनगनला आणखी काय हवं? धावपट्टीवर हमाल आणि लॉऱ्या तयार असतील तर तेवढ्या वेळात विमान रिकामं होऊन जखमी घेऊन निघतं.

चिखलवाट
तुम्ही दोघेही पाऊस धरत नाही. इंफाळच्या मैदानात सहा धावपट्ट्या, त्यातल्या इंफाळ आणि पालेल या दोनच बारमाही, आणि पालेल लढाईच्या तोंडाशी. बाकीच्या चिखलात गेल्या की सगळी विमानं एका-दोन पट्ट्यांवर येतात, आणि तिथे एकाचं चाक मोडलं तर मागच्यांना आकाशात घिरट्या. शिवाय विमानं होती कुणाची? हिमालयावरून चीनला माल नेणाऱ्या वाहतुकीतून 20 कमांडो (डाकोटाहून मोठी मालवाहू विमानं) उसनी, मध्यपूर्वेतून 79 उसनी. दिवसाला 400 टनांहून जास्त माल हवा होता. तो सुरुवातीला पोचला नाही, म्हणून शिधा तिसऱ्या हिश्श्याने कापला. खरी अडचण विमानांच्या संख्येत आणि फेरीला लागणाऱ्या वेळात होती.

डोंगरधार
पावसाचा मुद्दा मान्य. पण त्या उसन्या कमांडोंनी आधी काय केलं तेही पाहा. मार्चच्या उत्तरार्धात आराकानातली पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा, जीपा, खेचरांसकट उचलून आणली. ती उतरली नसती तर इंफाळच्या उत्तरेला उभं कोण राहणार होतं?

तागाची गोणी
सगळी इंफाळला गेली नाही. तिची 161वी ब्रिगेड दिमापूरला उतरवली. तिच्यातली एक पलटण कोहिमात अडकली, तेव्हा तिला पाणीसुद्धा मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून वरूनच टाकावं लागलं. तिथे विमान उतरवायला जागाच नव्हती.