होलवाली डिस्क म्हणजे चांगले ब्रेक, हे कुठून आलं?

घाटवेडा
"ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय रिमॅप केली की सगळ्यात आधी होल आणि स्लॉटवाली डिस्क टाका, साधी डिस्क घाटात तापून वाकते." अनिकेत_टीएसआय यांची ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. खाली लोक "कुठे मिळेल" विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. (रिमॅप म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, स्लॉट म्हणजे डिस्कवर कोरलेल्या चरी.)

गाडीचा वेग उष्णतेत बदलला की ती उष्णता आधी डिस्कच्या लोखंडात जाते, मग सावकाश हवेत. १,४०० किलोची गाडी १२० वरून थांबवली की ७७८ किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली साधारण ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर येते. ३१२ मिलिमीटर व्यासाच्या, २५ जाडीच्या डिस्कमध्ये पॅड (डिस्कवर दाबली जाणारी पट्टी) घासतो त्या कड्याचं वजन सहा किलो धरा. म्हणजे एकाच ब्रेकला डिस्क जवळपास ९० अंशांनी चढते. होल पाडून तुम्ही तेच लोखंड कमी करता, आणि वर प्रत्येक होलच्या कडेला चीर सुरू व्हायला जागा करून देता.

आता घाट. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना गाडी अंदाजे बाराशे मीटर खाली येते. हिशोब केला तर साडेसोळा हजार किलोज्यूल, म्हणजे १२० वरून एकवीस वेळा गाडी थांबवल्याएवढी उष्णता. त्यातला काही वाटा इंजिन घेतं, पण डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 'डी'मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टेकवून उतरलात तर इंजिनाचा वाटा फार थोडा उरतो. त्यात वेग ३०-४० चा, त्यामुळे डिस्कला वाराही कमी. अशा वेळी होल वाचवत नाहीत. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर वाचवतो.

रिमॅपनंतर पैसे घालायचे तर आधी पॅड, मग ब्रेक ऑइल, मग डिस्क. डिस्क घ्यायची तर साधी, हाय कार्बन लोखंडाची, व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणारी), मूळ मापाची.

स्लॉट_समर्थक
होल आणि स्लॉट एकाच पोत्यात भरू नका. होल आरपार जातात, स्लॉट दीड-दोन मिलिमीटर खोल असतो. वजन नावापुरतं कमी होतं. पॅडचा चकाकी आलेला थर स्लॉटची कड खरवडून काढते, पावसात पाण्याचा पापुद्रा फोडते. कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा मद्रासच्या ट्रॅकवर पाचव्या लॅपला पेडल तसंच हवं असेल तर स्लॉट लागतो. तुमचं एकवीस वेळांचं गणित ट्रॅकवर दोन-तीन लॅपमध्ये संपतं.

घाटवेडा
ट्रॅकसाठी स्लॉट, मान्य. पण मूळ पोस्ट रोज हिंजवडीला जाणाऱ्या गाडीबद्दल आहे. तिथे स्लॉट पॅड लवकर खातो आणि जोरात ब्रेक दाबला की घुर्र आवाज येतो.

कोकणी_टर्बो
तुम्ही पुण्यात बसून बोलताय. सावंतवाडी-आंबोली जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालवा. ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक लागायला जो क्षण जातो, तो होलवाल्या डिस्कवर जात नाही. आणि पोर्शे ९११ ला होलवाली डिस्क देते, ते काय वेडे आहेत?

घाटवेडा
पोर्शेची डिस्क मुळातच गाडीच्या वजनापेक्षा बरीच मोठी असते, होलने गेलेलं लोखंड त्यांनी आधीच धरलेलं असतं. तुम्ही ३१२ च्या जागी ३१२ चीच होलवाली टाकता, तिथे फक्त वजा होतं. ९११ ची जीटी३ ट्रॅकवर नेणारे कित्येक जण होलवाली काढून स्लॉटवाली टाकतात, ती याच चिरांपायी. आणि कोकणाचंच बोलायचं तर लाल चिखल आणि पॅडची भुकटी मिळून होल बुजतात. तार घालून साफ केले नाहीत तर महिन्याभरात डिस्क साधीच, फक्त कमकुवत.

कोकणी_टर्बो
चिखल बुजतो हे खरं आहे. पहिल्या ब्रेकच्या बाबतीत मात्र मागे हटणार नाही. ओल्यात तो फरक पायाला कळतो.

लेथवाला_भोसरी
तुम्ही सगळे होलवर भांडताय आणि मूळ चूक तशीच राहिली. "डिस्क वाकते." कास्ट आयर्नची डिस्क रस्त्यावरच्या वापरात सहसा वाकत नाही. गिऱ्हाईक सांगतं स्टीअरिंग थरथरतं, डिस्क वाकली. मायक्रोमीटर लावला की कळतं काय झालंय. बाहेरच्या कडेपासून १० मिलिमीटर आत, आठ ठिकाणी जाडी मोजा. ०.०२ मिलिमीटरच्या वर फरक निघाला की थरथर जाणवायला लागते.

हा फरक येतो कुठून? हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडावरच्या गंजाने. जुनी डिस्क हातोडीने काढतात आणि नवी त्याच गंजावर बसवतात. हबवर केसाएवढा पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या कडेला तो दुपटीने दिसतो, कारण कड मध्यापासून दुप्पट लांब. डिस्क तिरकी फिरते, ब्रेक न लावताही एकच जागा पॅडला चाटून जाते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ होते. म्हणून नवी डिस्क पहिले काही महिने छान चालते आणि मग "वाकते".

नीट करायचं तर असं करा. डिस्क हबला धरणारा टी३० चा (चांदणीच्या खाचेचा) स्क्रू गंजलेला असतो. साध्या पान्याने त्याचं डोकं जातं, म्हणून हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. हब तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने पांढरा करा, बोल्टच्या भोकांभोवतीसुद्धा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. वॉशर घालून चाकाचे पाचही बोल्ट आवळा, मगच डायल (डिस्क किती तिरकी फिरते ते मोजणारं घड्याळ) लावा. ०.०५ मिलिमीटरच्या वर आलं तर डिस्क एक भोक पुढे फिरवून परत बघा. तेव्हा टी३० च्या स्क्रूचं भोक जुळणार नाही. जाऊ दे. तो स्क्रू बसवताना डिस्क धरायला आहे, चालताना ती चाकाच्या बोल्टांनीच धरलेली असते.

स्लॉट_समर्थक
एवढं करण्यापेक्षा लेथवर फेस मारून (डिस्कचा पृष्ठभाग थोडा कापून सपाट करून) घेतला की झालं. अर्ध्या तासाचं काम.

लेथवाला_भोसरी
माझंच काम आहे म्हणून सांगतो, असं करू नका. लेथवर डिस्क मशीनच्या चकला सरळ होते, तुमच्या वाकड्या हबला नाही. घरी नेऊन त्याच गंजावर बसवली की थरथर परत. आणि ज्या डिस्कवर निळसर काळे डाग आहेत, तिथे लोखंड साडेसहाशे-सातशे अंशांच्या वर जाऊन सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बनचं फार कडक रूप) झालेलं असतं. तो खडा आत खोल असतो. वरून फेस मारला तर आजूबाजूचं मऊ लोखंड झिजून डाग पुन्हा वर येतो. ती डिस्क भंगारात. फेस मारायचाच असेल तर आधी कडेवर कोरलेली किमान जाडी वाचा. २५ च्या डिस्कला ती २२ असते. २२.४ वर आलेली डिस्क फेस मारायला आणतात लोक! घाटात त्या डिस्कवर कुटुंब बसलेलं असतं, याचा राग येतो मला.

स्लॉट_समर्थक
राग धरू नका साहेब. हबचं बरोबर आहे, तो मुद्दा मागे घेतो. स्लॉटचा नाही.

अनिकेत_टीएसआय
पोस्ट माझी आहे. "वाकते" हा शब्द चुकला, मान्य. पण घाटात पेडल खाली गेल्याच्या तक्रारी या गाडीवर येतात, त्या खोट्या नाहीत. डिस्क नाही तर काय बदलायचं ते सांगा. ३४० मिलिमीटरच्या मोठ्या डिस्कची किट?

घाटवेडा
३४० सोळा इंचाच्या चाकात मावत नाही, किमान सतरा लागेल. आधी पेडल काय सांगतंय ते ओळखा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गेला. फेरोडो डीएस२५०० सारखा पॅड घ्या, सकाळी थंड असताना थोडा किंचाळतो, तेवढं सोसावं लागतं. पेडल फरशीकडे जातंय, तर ऑइल उकळलं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावरचा किमान १५५. दोन वर्षं जुन्या ऑइलवर आंबेनळी उतरलात तर कुठलीही डिस्क काही करू शकत नाही. कोकणात असाल तर दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदला. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला कमी घट्टपणाचं डॉट ४ लागतं, तेच घ्या. मोतुल आरबीएफ ६०० या ऑइलचा कोरडा आकडा ३१२ आहे, पण ते ट्रॅकवाल्यांसाठी आणि वारंवार बदलायचं.

कोकणी_टर्बो
यावर वाद नाही. इथली हवाच ओली, वर्षभरात ऑइल चहासारखं होतं.

अनिकेत_टीएसआय
ऑइल आणि पॅड आधी बदलतो. डिस्क २३.१ ला आली आहे, तीही बदलेन, साधी हाय कार्बन. स्लॉटवाल्यांनी पाठवलेल्या फोटोत डिस्कच्या आतले पंखे (दोन पृष्ठभागांमधल्या पट्ट्या) वाकडे दिसतात, ते डावे-उजवे वेगळे असतात का?

लेथवाला_भोसरी
पंखे वाकडे असले तर हो. गाडी पुढे जाताना पंख्याची आतली टोकं पुढे आणि बाहेरची मागे पडलेली दिसली पाहिजेत, तरच हवा मधून बाहेर फेकली जाते. लोक वरच्या स्लॉटची दिशा बघून बसवतात आणि डिस्क उलटी लागते. तुमच्या साध्या डिस्कला पंखे सरळ असतात, कुठेही बसेल.

बसवल्यावर रिकामा सरळ रस्ता बघा. ८० वरून २० पर्यंत, एबीएस न लागता, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर सोडून. पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून सिग्नलला उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच चिकटतो. मग दहा किलोमीटर ब्रेक न लावता गाडी गार करा. आणि चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने, १२० न्यूटन मीटर, एक सोडून एक. एअर गन लावू देऊ नका. गनने कमी-जास्त आवळलेले बोल्टही डिस्क तिरकी करतात, मग हब घासलेला फुकट.