जनरल ओचोआंना ‘भाडोत्री’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर

भातखाचर (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात येथील एका सदस्यांनी लिहिले की, क्यूबाचे जनरल आर्नाल्दो ओचोआ हे ‘मॉस्कोच्या पैशावर परक्यांच्या यादवीत लढणारे भाडोत्री सेनापती’ होते आणि १९८९ साली अमली पदार्थांच्या व्यवहारांवरून क्यूबाच्याच सरकारने त्यांना गोळ्या घातल्या, हे योग्यच झाले. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

भाडोत्री माणूस जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढतो. ओचोआ क्यूबाच्या क्रांतीत सिएरा माएस्त्राच्या डोंगरात फिदेल कास्त्रोंबरोबर लढले, १९६० च्या दशकात व्हेनेझुएलातील गनिमांना जाऊन मिळाले, आणि तो लढा फसल्यावरही पुढे आफ्रिकेत गेले. राहिला मॉस्कोचा प्रश्न. नोव्हेंबर १९७५ मध्ये अंगोलात सैन्य पाठवण्याचा निर्णय हवानाने, म्हणजे क्यूबाच्या सरकारने, मॉस्कोला न विचारता घेतला होता, कारण दक्षिण आफ्रिकेच्या फौजा अंगोलाची राजधानी लुआंडाच्या दिशेने सरकत होत्या. तेथे वर्णद्वेषी सत्तेशी जे युद्ध सुरू झाले, त्याची अखेर डिसेंबर १९८८ च्या न्यूयॉर्क करारात आणि १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील नामिबियाच्या स्वातंत्र्यात झाली. दोन हजारांहून अधिक क्यूबन या युद्धात कामी आले. त्यांच्या सेनानीला भाडोत्री म्हणणे हा त्या मृतांचाही अपमान आहे.

कोरडवाहू
ते वाक्य माझेच आहे. आपण अंगोलावर थांबलात आणि इथिओपियाचा उल्लेखही केला नाहीत. तेथील हुकूमशहा मेंगिस्तूच्या राजवटीने राजधानी अदिस अबाबात ‘लाल दहशत’, म्हणजे विरोधकांची कत्तल, माजवली होती, त्याच काळात ओचोआ क्यूबन फौजांचे प्रमुख म्हणून तेथे होते. माझे मामा तेव्हा इथिओपियात गणिताचे शिक्षक होते. वरच्या वर्गातील मुले एकेक करून येईनाशी झाली, आणि हजेरी घेताना ती नावे उच्चारायची की नाही, हे त्यांना कळत नसे. मामा याविषयी एकदाच बोलले आणि नंतर कोणी विषय काढला तर उठून जात. अशा राजवटीला ज्याने तारले, त्याचा ध्येयवाद मला सांगू नका.

भातखाचर
आपल्या मामांनी जे पाहिले त्यावर वाद घालण्याचा मला अधिकार नाही. परंतु जुलै १९७७ मध्ये सोमालियाचे नियमित सैन्य सीमा ओलांडून इथिओपियाच्या ओगादेन प्रदेशात घुसले होते. ती यादवी नव्हती, ते आक्रमण होते. डोंगराच्या खिंडीवर समोरून न धडकता वळसा घालून, हेलिकॉप्टरने चिलखती वाहने पलीकडे उतरवून क्यूबन आणि इथिओपियन फौजांनी मार्च १९७८ मध्ये तेथील जिजिगा शहर परत घेतले. त्या मोहिमेचा अभ्यास आजही होतो.

कोरडवाहू
अभ्यास होत असेल. ओगादेनमधून मोकळे झालेले मेंगिस्तूचे सैन्य त्यानंतर उत्तरेला, इथिओपियापासून स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या एरिट्रियावर चालून गेले, हेही त्या अभ्यासात असायला हवे. त्याच एरिट्रियन बंडखोरांना हवानाने पूर्वी पाठिंबा दिला होता.

डिचोलीकर
आपण दोघेही अंगोला म्हणजे केवळ दक्षिण आफ्रिकेशी झालेले युद्ध समजत आहात, याचे मला वाईट वाटते. आम्हा गोवेकरांसाठी तो दूरचा देश नाही. माझ्या आजीच्या माहेरची माणसे लुआंडात पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत होती. सीता वालेस हे नाव येथे किती जणांनी ऐकले आहे? गोमंतकीय आईवडिलांची, अंगोलात जन्मलेली ही मुलगी लिस्बनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेताना कम्युनिस्ट झाली आणि क्रांतीसाठी अंगोलात परतली. २७ मे १९७७ रोजी सत्ताधारी पक्षातीलच एका गटाने केलेल्या उठावानंतर तिच्याच पक्षाच्या सरकारने तिला खटल्याविना ठार केले. तिचा पती आणि भाऊही वाचले नाहीत. तो उठाव मोडायला लुआंडाच्या रस्त्यांवर क्यूबन सैनिक उतरले होते.

भातखाचर
त्या कारवाईत क्यूबन अधिकारी राफाएल मोरासेन पुढे होते, ओचोआ नव्हे. प्रत्येक क्यूबन सैनिकाचा हिशेब एका माणसाच्या नावावर मांडणे अन्यायाचे आहे.

डिचोलीकर
मग नामिबियाचे श्रेय तरी एका माणसाच्या नावावर कशाला मांडता? दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या, अंगोलातील कुइतो कुआनावालेच्या लढाईत ओचोआंच्या व्यूहरचनेवर खुद्द कास्त्रो नाराज होते आणि दक्षिणेकडील आघाडी दुसरे क्यूबन जनरल सिंत्रा फ्रियास सांभाळत होते. त्या उठावानंतर मारले गेलेले हजारो लोक, त्यांतले बहुतेक तरुण, आपल्याला हिशेबाबाहेर का वाटतात? त्यांच्या घरच्यांना कित्येक दशके मृतदेहही मिळाले नाहीत. कृपया याचे उत्तर द्या. नाही तर ध्येयवादाची भाषा थांबवा.

कोरडवाहू
डिचोलीकरांचा राग मला समजतो. धागाकर्त्यांसाठी एवढेच मान्य करतो की ‘भाडोत्री’ हा शब्द चुकीच्या जागी पडला. ओचोआंचे अमली पदार्थांचे आणि अंगोलातील काळ्या बाजाराचे व्यवहार मात्र मी सोडणार नाही. त्यांचा सहायक कोलंबियातील मेदेयीनला जाऊन अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबारला भेटला होता, आणि ओचोआंनी न्यायालयात गुन्हे कबूल केले.

भातखाचर
१२ जूनला अटक, १३ जुलैला गोळ्या. १९८४ मध्ये ज्याला ‘प्रजासत्ताकाचा वीर’ हा किताब दिला, त्याचा निकाल एका महिन्यात लागला आणि शिक्षेवर शिक्कामोर्तब करणाऱ्या क्यूबाच्या राज्य परिषदेत त्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. अशा वातावरणातील कबुलीला पुरावा मानायला मी तयार नाही. डिचोलीकर, सीता वालेस यांना तर तेवढाही खटला मिळाला नाही, हे मी नाकारत नाही. परंतु तो प्रश्न प्रथम लुआंडाच्या सरकारला विचारायला हवा.

डिचोलीकर
लुआंडाच्या सरकारला तिचे नातेवाईक विचारतच आले आहेत. मी आपल्याला विचारले होते.