घरच्या बागेसाठी रोबोट लॉनमोव्हर : तार की उपग्रह, आणि चालवायचा कधी?

प्रश्न : सफरचंदाचे_अंगण

नमस्कार. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात आम्ही बाग असलेले घर घेतले आहे. हिरवळ साधारण 350 चौरस मीटर आहे आणि ती दोन भागांत विभागलेली आहे. मागचा भाग मोठा असून त्याला उतार आहे, पुढचा लहान आणि सपाट आहे, आणि या दोन्हींना घराच्या भिंतीलगतची जेमतेम दीड मीटर रुंदीची गवताची पट्टी जोडते. मागे सफरचंदाचे एक जुने झाड आणि मुलांचे ट्रॅम्पोलिन आहे. मुले चार आणि सात वर्षांची आहेत.

एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवारचा अर्धा दिवस गवत कापण्यात जातो, आणि कापलेले गवत ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात मावत नाही, म्हणून ते गाडीत घालून गावाच्या संकलन केंद्रावर न्यावे लागते. त्यामुळे रोबोट घेण्याचा विचार आहे. दुकानात एकाने जमिनीतल्या तारेवर चालणारे यंत्र सुचवले, तर दुसऱ्याने तारेचे दिवस गेले, आता उपग्रहावर चालणारेच घ्या, असे सांगितले. आमच्यासारख्या बागेत यांपैकी कोणते नीट चालेल? यंत्र रविवारी चालवता येते का? मुले दिवसा बागेत खेळतात, त्यामुळे ते रात्री चालवावे असे आमच्या मनात आहे. त्यात काही अडचण आहे का? ज्यांच्याकडे असे यंत्र आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : नेकारकाठ

आमच्याकडे तारेवर चालणारे यंत्र आहे आणि आम्ही त्याबाबत समाधानी आहोत. तरीही आधी हे सांगतो की रोबोट तुमचे गवत कापण्याचे काम वाचवतो, बागेकडे लक्ष देण्याचे काम नाही.

हे यंत्र वाढलेले गवत कापण्यासाठी नसून गवत वाढू न देण्यासाठी आहे. त्याच्या पोटाखाली एक फिरती तबकडी असते आणि तिला दाढीच्या पात्यांएवढी पातळ, सहसा तीन पाती सैल स्क्रूने लावलेली असतात. दगड आडवा आला की पाते मागे दुमडते. ते जवळजवळ रोज थोडे थोडे गवत खुडते, आणि ते तुकडे इतके बारीक असतात की मुळांशी पडून कुजतात व त्यांतला नत्र पुन्हा मातीत जातो. त्यामुळे गाडीतून गवत वाहून नेण्याचा तुमचा त्रास जवळजवळ संपेल आणि खतही कमी लागेल. मात्र वसंतातली पहिली कापणी हातयंत्रानेच करावी. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून अधिक नाही, हा हिरवळीचा जुना नियम रोबोटलाही लागू आहे.

तारेची कल्पना सोपी आहे. बागेच्या कडेने एक तार फिरवून तिची दोन्ही टोके चार्जिंगच्या तळाला जोडतात. तारेतून अगदी कमी दाबाचा विद्युत संकेत वाहतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र यंत्राला जाणवते आणि ते तारेपाशी वळते. साधी यंत्रे आत कुठेही आडवीतिडवी फिरतात. पाहणाऱ्याला ते अव्यवस्थित वाटते, पण रोज फिरल्यामुळे सगळीकडे पाते पोहोचते. तुमच्यासारखे दोन भाग असतील तर यंत्राला पलीकडची वाट दाखवणारी वेगळी मार्गदर्शक तार आवश्यक आहे, कारण आडवेतिडवे फिरणारे यंत्र दीड मीटरच्या पट्टीतून आपणहून पलीकडे क्वचितच जाते. भिंतीपासून तार साधारण 30 सेंटीमीटर दूर ठेवावी लागते. दोन्ही बाजूंचे हे अंतर वजा केल्यावर तुमच्याकडे 90 सेंटीमीटर उरतात, म्हणून विकत घेण्याआधी यंत्राच्या पुस्तिकेत किमान रुंदी किती दिली आहे ते जरूर वाचावे.

उतार अंदाजाने ठरवू नये. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवावे, लेव्हलपट्टी ठेवून फळी आडवी धरावी आणि मोकळ्या टोकाखालचे अंतर टेपने मोजावे. 35 सेंटीमीटर आले तर उतार 35 टक्के आहे, आणि घरगुती यंत्रांपैकी बहुतेकांची मर्यादा साधारण तेवढीच असते. तारेजवळ, म्हणजे जिथे यंत्राला वळायचे असते तिथे, ही मर्यादा आणखी कमी असते. दव पडलेल्या गवतावर चाके घसरतात, हेही लक्षात घ्यावे.

तार जमिनीवर खुंट्यांनी ठोकली तर एका हंगामात गवत तिला झाकून टाकते. नंतर शेवाळ काढण्यासाठी हिरवळ खरवडण्याचे यंत्र फिरवणार असाल तर ती सुरुवातीलाच काही सेंटीमीटर खोल पुरलेली बरी, कारण खरवडताना तार तुटण्याचे प्रकार सर्रास घडतात. तुटलेली जागा शोधायला मध्यम लहरींचा जुना रेडिओ बऱ्याचदा उपयोगी पडतो. तारेवरून तो हळूहळू पुढे नेताना खरखर ऐकू येते, आणि ती जिथे थांबते त्याच्या आसपास तार तुटलेली असते.

आणखी दोन गोष्टी. भिंतीलगत आणि वाफ्यालगत गवताची एक झालर न कापता उरते. कडेला हिरवळीच्या पातळीत सपाट दगडांची ओळ बसवली तर चाक दगडावर जाते आणि ही झालर जवळजवळ नाहीशी होते. दुसरी गोष्ट सफरचंदांची. ऑगस्टनंतर पडलेली फळे रोज वेचावीच लागतील. लहान फळावर यंत्र चढते, पाते त्यात रुतते, आणि कापलेल्या फळावर गांधीलमाश्या जमतात. अनवाणी खेळणारी मुले असलेल्या घरात हे चालणार नाही.

उत्तर 2 : अक्षांश48

वरचे उत्तर उत्तम आहे. मी फक्त उपग्रहाच्या बाजूने भर घालतो.

मोबाइलमधली उपग्रहावर आधारित दिशादर्शन प्रणाली काही मीटरने चुकते. रस्ता शोधायला तेवढे पुरते, गुलाबाचा वाफा वाचवायला पुरत नाही. म्हणून या यंत्रांबरोबर एक स्थिर अँटेना येते. तिची जागा कायम असल्यामुळे उपग्रहांच्या संकेतात त्या क्षणी किती चूक आहे हे तिला कळते, आणि ती दुरुस्ती ती यंत्राला सतत कळवत राहते. अशा रीतीने अचूकता दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत येते. काही उत्पादक घरच्या अँटेनेऐवजी हीच दुरुस्ती मोबाइल जाळ्यावरून पुरवतात. यंत्र मग सरळ रेषेत, एकाशेजारी एक पट्टे कापत जाते, काम लवकर संपते, आणि बागेत नवा वाफा केला तर तार उपसावी लागत नाही, नकाशात सीमा बदलली की झाले.

मात्र यासाठी आकाश मोकळे दिसले पाहिजे, आणि नेमकी तीच तुमच्या बागेची अडचण आहे. भिंतीलगतच्या पट्टीत अर्धे आकाश घरानेच झाकलेले असणार. तिथे कमी उपग्रह दिसतात आणि जे दिसतात त्यांचे संकेत भिंतीवरून परावर्तित होऊन येतात. जुन्या सफरचंदाच्या झाडाला पूर्ण पाने आल्यावर त्याच्याखालीही हीच स्थिती होते. वसंतात नीट चालणारे यंत्र जूनमध्ये त्याच जागी थबकते, याचे कारण बहुधा हेच असते. कॅमेरा किंवा लेसर असलेली नवी यंत्रे अशा तुकड्यांतून वाट काढतात, पण त्यांची किंमत जास्त आहे.

तेव्हा तारेचे दिवस गेले हे विधान तुमच्या बागेपुरते तरी बरोबर नाही. हुस्कवर्ना या स्वीडिश कंपनीने 1995 मध्ये सौरऊर्जेवर चालणारा पहिला रोबोट बाजारात आणला तेव्हापासून आजवर तारेची पद्धत टिकली आहे, ती झाड आणि भिंत यांची तिला पर्वा नसते म्हणून. तुमच्या जागी मी तार किंवा कॅमेऱ्याची जोड असलेले यंत्र घेईन. केवळ उपग्रहावर चालणारे यंत्र मात्र घेणार नाही.

रविवारबाबत : 2002 पासून लागू असलेल्या यंत्रांच्या आवाजाविषयीच्या जर्मन नियमानुसार निवासी भागात लॉनमोव्हर रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ, आणि इतर दिवशी रात्री 8 ते सकाळी 7 बंद ठेवावा लागतो. रोबोटचा आवाज कमी असतो म्हणून त्याला आपोआप सूट मिळत नाही. शिवाय काही गावांत दुपारच्या विश्रांतीचा वेगळा नियम असतो. तो नगरपालिकेत विचारून घ्यावा.

उत्तर 3 : पानगळ

रात्री यंत्र चालवण्याचा विचार आपण कृपया पूर्णपणे सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी जखमी हेजहॉगांची, म्हणजे पाठीवर काटे असलेल्या लहान प्राण्यांची, शुश्रूषा करणाऱ्या एका केंद्रात मदतीला जाते आणि रोबोटच्या पात्यांनी झालेल्या जखमा जवळून पाहिल्या आहेत.

हेजहॉग निशाचर आहे. संध्याकाळी तो किडे आणि अळ्या शोधत हिरवळीवर येतो. धोका जाणवला की तो पळत नाही, जागीच अंगाचा गोळा करतो. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालते, फिरत्या पात्यापुढे चालत नाही. केंद्रात येणाऱ्या प्राण्यांच्या पाठीवर किंवा तोंडावर काट्यांसकट कातडी सरळ रेषेत कापलेली असते. असा प्राणी आवाज करत नाही, कुंपणाच्या झुडपात जाऊन पडून राहतो, आणि कोणाला दिसतो तोवर जखमेत माश्यांनी अंडी घातलेली असतात. त्या अळ्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात. बागेच्या मालकाला बहुतेक वेळा यातले काही कळलेलेही नसते.

यंत्राला अडथळा ओळखता येतो, असे दुकानात सांगतात. डेन्मार्कमध्ये सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच मृत झालेल्या हेजहॉगांवर 18 यंत्रांची चाचणी घेतली आणि निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध केले. एकाही यंत्राने प्राण्याला स्पर्श होण्याआधी ओळखले नाही, आणि 200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे पिल्लू तर एकालाही ओळखता आले नाही. काही यंत्रे स्पर्शानंतर इजा न करता वळली आणि काहींनी गंभीर जखमा केल्या. त्यानंतर कॅमेऱ्याची यंत्रे सुधारली आहेत हे मान्य आहे, परंतु अंधारात, ओल्या गवतात, मुठीएवढ्या पिल्लाच्या बाबतीत त्यांच्यावर भिस्त ठेवणे मला योग्य वाटत नाही.

हा प्राणी जर्मनीत कायद्याने संरक्षित आहे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत 2024 मध्ये त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील प्रजातींत झाली आहे. कोलोन शहराने त्याच वर्षी सूर्यास्तापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत रोबोट चालवण्यास बंदी घातली. आपल्या गावात असा आदेश नसला तरी हीच वेळ पाळावी.

इथे एक बारीक मुद्दा आहे, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वर सांगितलेला रात्री 8 ते सकाळी 7 हा आवाजाचा नियम जूनमध्ये हेजहॉगांनाही पुरेसा आहे, कारण तेव्हा आपल्याकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मात्र श्टुटगार्टला सूर्य संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी पावणेआठच्या आसपास उगवतो. म्हणजे कायद्याने परवानगी असलेल्या वेळेतही सकाळ-संध्याकाळ अंधार असतो. नेमक्या याच दिवसांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जन्मलेली पिल्ले शीतनिद्रेपूर्वी वजन वाढवण्यासाठी बाहेर असतात, कधीकधी दिवसाउजेडीही. म्हणून एप्रिलमध्ये लावलेले वेळापत्रक हंगामभर तसेच ठेवू नये. सप्टेंबरपासून मी सकाळी 10 ते दुपारी 4 एवढीच वेळ सुचवेन. शरद ऋतूत गवत हळू वाढते, त्यामुळे दिवसाआड चालवले तरी पुरते.

मुलांचा प्रश्न दिवसाच सोडवता येईल. ती शाळेत आणि किंडरगार्टनमध्ये असतात त्या वेळेत यंत्र चालवावे. यंत्र उचलले किंवा उलटले तर पाती थांबतात, तरीही मुले बागेत असताना ते तळावरच राहिले पाहिजे. सफरचंदाखालचा एक तुकडा सीमेबाहेर ठेवून तिथले गवत आणि रानफुले वाढू दिलीत, तर मधमाश्यांना आणि बेडकांना जागा मिळेल, आणि पडलेल्या फळांचा प्रश्नही बराचसा सुटेल.

प्रतिसाद : सफरचंदाचे_अंगण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फळी लावून उतार मोजला, तो 22 सेंटीमीटर भरला. आता तारेवर चालणारे यंत्र, शाळेच्या वेळेत, रविवार वगळून, असे ठरवले आहे. सफरचंदाभोवतीचा तुकडा सीमेबाहेर ठेवणार आहोत. ही कल्पना मुलांना फार आवडली.

एक उपप्रश्न विचारते. नाशिकला आईबाबांच्या बंगल्यासमोर लहानशी हिरवळ आहे आणि बाबांना आता वाकून काम जमत नाही. त्यांच्यासाठी इथून असेच यंत्र नेण्यात अर्थ आहे का?

उत्तर 4 : गोदातीर

मी नाशिकलाच राहतो, म्हणून लिहितो. विजेची अडचण नाही, दोन्हीकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच आहे. अडचण मातीची आणि दुरुस्तीची आहे. पावसाळ्यात गवत सर्वांत जोरात वाढते तेव्हाच काळी माती चिकट होते, यंत्राची छोटी चाके जागच्या जागी फिरतात आणि पात्यांभोवती चिखलाचा थर बसतो. ज्या महिन्यांत त्याची खरी गरज असते त्याच महिन्यांत ते तळावर बसून राहील. जुन्या बंगल्यांच्या आवारात घुशी असतात आणि त्या जमिनीतली तार कुरतडतील, हीही भीती आहे. पाती, बॅटरी किंवा तळ बिघडला तर इथे सुटा भाग मिळणे कठीण, आणि वडिलांना त्यासाठी तुमच्यावर अवलंबून राहावे लागेल.

लहान हिरवळीला आठवड्यातून एकदा येणारा माळी पुरतो. तो गवताबरोबर कुंड्या, आळी आणि कीडही पाहतो. वडिलांना स्वतः काही करावेसे वाटत असेल तर विजेवर चालणारे ढकलण्याचे यंत्र घ्यावे. त्याचा दांडा त्यांच्या कमरेच्या उंचीला बसतो ना, हे मात्र दुकानात त्यांना उभे करूनच पाहावे.